परदेशात मुक्काम कुठे करायचा, हॉटेलात की अपार्टमेंटमध्ये? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यात, नौपाड्यात बसून कुटुंबांचे परदेश प्रवास आखून देते. टूर कंपनीच्या बसमधून न जाता आपलं आपण फिरणारी ही माणसं असतात: घोडबंदर रोडचं तरुण जोडपं, वाशीचे निवृत्त बँक अधिकारी, खारघरचं आजी-नातवंडांसकट निघालेलं सहा जणांचं घर. विमानाचं तिकीट निघालं की पुढचा फोन ठरलेला असतो, “राहायचं कुठे?” त्या फोनवर जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, ते इथे उत्तरांसकट लिहून ठेवलं आहे.

एका वाक्यात सांगा, काय घ्यावं?

एका शहरात तीन रात्रींपर्यंत राहणार असाल तर हॉटेल. पाच किंवा त्याहून जास्त रात्री, चार माणसं आणि त्यात एखादं लहान मूल किंवा पथ्याचं माणूस असेल तर अपार्टमेंट. मधल्या चार रात्रींसाठी हिशोब मांडून बघावा लागतो. मात्र त्या शहरात थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देणं कायदेशीर आहे का, हे सगळ्यात आधी बघायचं. त्याचं उत्तर खाली सविस्तर दिलं आहे.

निवड करताना मी रात्रीचा दर सगळ्यात शेवटी बघते. बरोबर कोण कोण आहे, त्यातलं सगळ्यात लवकर थकणारं माणूस कोण, आणि त्याचा दिवस सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत कसा जाणार, हे मी आधी विचारते. मुक्काम त्या माणसाला सोसला की बाकीच्यांचा प्रवास आपोआप नीट होतो.

आई-बाबा बरोबर आहेत, दोघंही सत्तरीचे. त्यांना घरासारखं वाटावं म्हणून अपार्टमेंट बरं ना?

बरं, पण तीन गोष्टी विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

पहिली म्हणजे जिना. ठाण्यात सात मजली इमारत म्हटलं की लिफ्ट असणारच, असं आपण धरून चालतो. युरोपच्या जुन्या शहरांत तसं नाही. पॅरिसमध्ये पाचव्या-सहाव्या मजल्यावरचे कितीतरी फ्लॅट अजून लिफ्टविना आहेत. ॲमस्टरडॅमचे जुने जिने इतके अरुंद आणि उभे असतात की कपाट, पलंग त्यातून जातच नाही. तिथल्या घरांच्या माथ्यावर लोखंडी आकडा बसवलेला दिसतो, त्याला दोर लावून सामान खिडकीतून आत घेतात. अशा जिन्यावरून गुडघेदुखीच्या माणसाने दिवसातून दोनदा चढ-उतार करायची, वर तेवीस किलोची बॅग! मजल्यांची मोजणीही बघून घ्या. युरोपात आपल्यासारखाच तळमजला आणि मग पहिला मजला असतो. अमेरिकेत आणि जपानमध्ये मात्र तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. लिफ्ट आहे असं जाहिरातीत लिहिलेलं असलं, तरी ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की आधी आठ-दहा पायऱ्या चढाव्या लागतात, हे होस्टला, म्हणजे घर देणाऱ्याला, लिहून विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.

दुसरी म्हणजे आंघोळीची जागा. फोटोत पांढराशुभ्र बाथटब दिसला की आपल्याला छान वाटतं. त्या टबची कड गुडघ्याएवढी उंच असते. ओल्या पायाने ती ओलांडून आत जायचं, आंघोळ झाल्यावर तशीच ओलांडून बाहेर यायचं, आणि धरायला भिंतीवर दांडी नाही. ज्येष्ठांच्या बाबतीत मला जिन्यापेक्षाही याची धास्ती वाटते. हॉटेलात “वॉक-इन शॉवर”, म्हणजे टबाशिवायचा शॉवर, मागितला की बऱ्याचदा मिळतो, कारण त्यांच्याकडे तऱ्हेतऱ्हेच्या खोल्या असतात. अपार्टमेंटमध्ये जे आहे ते आहे. एक प्लास्टिकचा मग मात्र दोन्हीकडे घरूनच न्यायचा.

तिसरी म्हणजे रात्री-अपरात्री मदतीला कोण. बाबांना रात्री दोनला छातीत कसंतरी झालं, तर हॉटेलात रिसेप्शनला शून्य फिरवला की झालं. पुढचं फोनवर स्थानिक भाषेत बोलणं तेच करतात. अपार्टमेंटमध्ये हे सगळं तुम्हाला करावं लागतं. म्हणून घरात पाऊल टाकल्याबरोबर एका कागदावर पूर्ण पत्ता, मजला, दरवाज्याचा कोड आणि मदतीचा क्रमांक लिहून तो फ्रिजवर लावा. युरोपीय संघात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, जपानमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११९.

या तिन्हीची उत्तरं समाधानकारक असतील तर अपार्टमेंट घ्या, आई-बाबांना ते खरंच मानवतं. पहाटे पाचला जाग आली की दुसऱ्या खोलीतल्यांची झोप न मोडता चहा टाकता येतो, दुपारी पाठ टेकता येते आणि संध्याकाळी वरण-भात मिळतो.

पैशाच्या दृष्टीने अपार्टमेंट स्वस्तच पडतं ना?

दर रात्रीचा आकडा बघून हे कळत नाही. अपार्टमेंटला भाड्याबरोबर क्लिनिंग फी असते आणि ती रात्रींवर नाही, तर मुक्कामावर लागते. दोन रात्री राहा की आठ, ती तेवढीच.

समजा लंडनमध्ये चौघांसाठी हॉटेलच्या दोन खोल्या प्रत्येकी १५० पौंडांना आहेत, म्हणजे रात्रीचे ३०० पौंड. आणि एक फ्लॅट आहे २६० पौंड रात्रीचा, अधिक १२० पौंड क्लिनिंग फी. तीन रात्रींचे दोन्हीकडे ९०० पौंडच होतात. सहा रात्री राहिलात तर हॉटेलचे १,८०० आणि फ्लॅटचे १,६८० होतील. म्हणजे फ्लॅट खरोखर स्वस्त पडायला चौथी रात्र उजाडावी लागते. त्यात हॉटेलच्या दरात नाश्ता धरला असेल तर हिशोब पुन्हा फिरतो. चार माणसांचा भरपेट नाश्ता बाहेर करायचा म्हणजे लंडनमध्ये चाळीस-पन्नास पौंड सहज जातात.

पुढे जागा कुठे आहे ते बघा. स्वस्त फ्लॅट बहुधा शहराच्या कडेला असतो. घोडबंदरहून रोज फोर्टला जाणाऱ्याला मी काय म्हणते ते लगेच कळेल. पन्नास मिनिटं जायला, पन्नास यायला, दुपारी घरी येऊन पडायची सोय नाही. मग फ्लॅट घेण्यातला अर्धा फायदाच गेला.

नगरपालिकेचा पर्यटक करही असतो. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून तो भाड्याच्या साडेबारा टक्के आहे. रोममध्ये माणशी, रात्रीप्रमाणे लागतो. फ्रान्समध्ये अठरा वर्षांखालच्यांना माफ आहे. हॉटेलात हा कर कित्येकदा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो आणि चेक-इनला किंवा निघताना काउंटरवर मागतात, तेव्हा दचकू नका.

दोन पर्याय शेजारी ठेवताना नेहमी सगळं धरून होणारी एकूण रक्कम ठेवा. अमेरिकेत मे २०२५ पासून हॉटेलांनी आणि अपार्टमेंटवाल्यांनी सक्तीचे सगळे आकार धरूनच किंमत दाखवायची, असा नियम झाला आहे, त्यामुळे तिथे हे काम सोपं झालंय. परकीय चलनात कार्ड वापरल्यावर बँक जे वरचे दोन ते साडेतीन टक्के लावते, तेही दोन्हीकडे धरा. कार्डाच्या मशीनवर “रुपयांत भरू का?” असं आलं तर नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात भरा. रुपयांचा तो भाव आपल्याला महागच पडतो.

आमचं विमान सकाळी सातला उतरतंय. चेक-इन तीनला आहे. मग?

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि तिथे सकाळी पोचतात. पोचेपर्यंत चौघांची झोप अर्धवट, पाय सुजलेले, मूल किरकिर करतंय. हॉटेल असेल तर बॅगा रिसेप्शनला ठेवता येतात, तोंड धुता येतं, आणि खोली रिकामी असेल तर अकरालाच मिळून जाते. अपार्टमेंटमध्ये आधीचा पाहुणा दहा-अकराला बाहेर पडतो, मग सफाईवाली येते आणि तिचं काम होईपर्यंत दरवाजा उघडत नाही. पुष्कळ ठिकाणी कुणी भेटतही नाही. दाराजवळच्या छोट्या पेटीत किल्ली असते आणि पेटीचा कोड दुपारी मोबाईलवर येतो.

त्यावर दोन उपाय आहेत. स्टेशनवर किंवा खाजगी दुकानांत सामान ठेवायची सोय असते, ती आधी शोधून ठेवा. नाहीतर मी बहुतेक कुटुंबांना करायला लावते तसं करा: पहिली रात्र स्टेशनजवळच्या हॉटेलात काढा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फ्लॅटवर जा. परतीच्या दिवशीही तेच. विमान रात्रीचं आणि फ्लॅट सकाळी दहाला सोडायचा असेल, तर बॅगांचं काय करायचं ते आधीच ठरवा.

किल्लीचा कोड, पत्ता आणि होस्टचा नंबर यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. दारात उभं राहिल्यावर नेट मिळेलच याचा भरवसा नाही.

आम्ही शाकाहारी आहोत आणि सासूबाईंचे उपास असतात. किचन असलं की सगळं करता येईल ना?

बरंच करता येईल, पण तुमच्या ओट्यावर होतं तसं सगळं होणार नाही.

शेगडी बहुधा इंडक्शनची किंवा काचेच्या पृष्ठभागाची विजेवरची असते. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर किंवा कढई तापतच नाही. भांडं न्यायचंच असेल तर घरी फ्रिजवरचं चुंबक त्याच्या बुडाला लावून बघा, घट्ट चिकटलं तर चालेल. लोखंडी तवा चालतो. तिथे भांडी असतात, पण झारा, चिमटा, किसणी, पोळपाट-लाटणं नसतं. माझ्या ओळखीच्या बायका एक छोटा चिमटा आणि एक तीक्ष्ण सुरी चेक-इनच्या बॅगेत टाकतात. एवढंच नेतात आणि ते अगदी योग्य आहे.

फोडणीचं मात्र जपून. आपल्याकडे मोहरी तडतडून हिंग-मिरचीचा ठसका घरभर गेल्याशिवाय आमटीला चव आली असं वाटत नाही. तिथे तोच धूर छताला लावलेल्या गोल डबीत गेला की धुराचा अलार्म वाजतो, आणि मोठ्या इमारतीत तो साऱ्या इमारतीचा असू शकतो. वाशीच्या एका काकूंनी स्वित्झर्लंडमध्ये पहिल्याच संध्याकाळी तेल चांगलं धुरावेपर्यंत तापवलं. अलार्म ऐकून वरच्या मजल्यावरची माणसं कोट घालून खाली आली होती. तेव्हा पंखा लावा, खिडकी उघडा, आणि तेल बेताचं तापल्यावरच जिरं घाला. तळण विसरून जा. अलार्मवर पिशवी बांधायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती डबी तुमच्याच जिवासाठी आहे.

सामान काय न्यायचं? भाजणी, मेतकूट, मसाले, पोहे, साबुदाणा, चहा पावडर. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, बर्फी नाही. ऑस्ट्रेलियात तर खाण्याची प्रत्येक गोष्ट उतरताना भरायच्या अर्जात जाहीर करावी लागते. केली की बरंचसं सोडतात, लपवलं तर जबर दंड होतो.

स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांवरची मात्र उघडी राहतात. शनिवारी संध्याकाळीच दूध, भाजी, ब्रेड भरून ठेवा.

हॉटेलात राहणाऱ्यांनी आपली इंडक्शन शेगडी किंवा भाताचा कुकर खोलीत लावू नये. बहुतेक हॉटेलांत ते चालत नाही आणि आगीचा धोका खरा असतो. किटलीतलं उकळतं पाणी घालून होणारे पोहे, उपमा एवढंच. इथली २३० व्होल्टची किटली जपानमध्ये १०० व्होल्टवर किंवा अमेरिकेत १२० व्होल्टवर धड तापत नाही, नेऊ नका.

अपार्टमेंट कायदेशीर आहे हे कसं ओळखायचं? आणि नसलं तर आम्हाला काय होणार?

हा प्रश्न लोक सगळ्यात कमी विचारतात, म्हणून मीच काढते. “संकेतस्थळावर दिसतंय म्हणजे चालत असेल” असं धरून चालू नका.

सिंगापूरमध्ये खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी काळासाठी भाड्याने देता येत नाही, आणि तिथल्या सरकारी एचडीबी घरांसाठी किमान मुदत सहा महिन्यांची आहे. चार दिवसांच्या सहलीला तिथे कुणी फ्लॅट देत असेल तर तो बेकायदा. सिंगापूरला हॉटेलच घ्या, विषय संपला.

थायलंडमध्ये हॉटेलचा परवाना नसलेला कॉन्डो, म्हणजे खाजगी इमारतीतला फ्लॅट, रोजच्या भाड्याने देणं तिथल्या २००४ च्या हॉटेल कायद्यात बसत नाही. बँकॉकच्या कित्येक इमारतींच्या लॉबीत तशी पाटीच असते. स्विमिंग पूलचे फोटो बघून बुकिंग केलेल्या पाहुण्याला मग “गार्डने विचारलं तर मित्राकडे आलोय म्हणा” असा निरोप येतो. सुट्टीला जाऊन दारात खोटं बोलायची वेळ आपल्या घरच्यांवर का आणायची?

न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून ‘लोकल लॉ १८’ची अंमलबजावणी सुरू आहे. तीस दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी होस्टची नोंदणी लागते, मुक्कामात तो स्वतः घरात असावा लागतो आणि पाहुणे दोनच. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला अख्खा फ्लॅट तिथे मिळण्याची शक्यता जवळजवळ नाहीच.

बार्सिलोनाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटक अपार्टमेंटचे सगळे परवाने, म्हणजे दहा हजारांहून जास्त, संपवायचं ठरवलंय. लंडनमध्ये अख्खं घर वर्षाला ९० रात्रीच देता येतं, ॲमस्टरडॅममध्ये जास्तीत जास्त ३०, आणि तिथे एका वेळी चारच माणसं. पॅरिसमध्ये स्वतःचं राहतं घर देण्याची मर्यादा आधी १२० दिवस होती, २०२५ पासून ती ९० झाली. जपानमध्ये जून २०१८ च्या कायद्याने घरगुती मुक्कामाला वर्षाला १८० दिवसांची मर्यादा घातली आणि नोंदणी सक्तीची केली. इटलीत जानेवारी २०२५ पासून प्रत्येक जागेला राष्ट्रीय ओळख क्रमांक हवा. दुबईत मात्र ‘हॉलिडे होम’ म्हणून पर्यटन खात्याचा परवाना घेऊन फ्लॅट राजरोस देतात, तिथे घ्यायला हरकत नाही.

यामागचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. शहराच्या मध्यभागातली घरं पर्यटकांकडे गेली की तिथे राहणाऱ्यांना भाडं परवडत नाही. बार्सिलोनातले लोक त्यासाठी रस्त्यावर उतरले आहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं, म्हणूनच परवाना नसलेली जागा मी कुणालाच सुचवत नाही.

ओळखायचं कसं? जाहिरातीत नोंदणी क्रमांक शोधा. नसेल तर होस्टला विचारा. उत्तर गोलमाल आलं तर सोडून द्या. दंड सहसा मालकाला होतो, पण कारवाई झाली तर रात्री बॅगा घेऊन रस्त्यावर तुम्ही उभे राहता.

व्हिसासाठी हॉटेलचंच बुकिंग लागतं का?

नाही, अपार्टमेंटचं चालतं. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाला, मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचा पुरावा हवा असतो. त्यावर पूर्ण पत्ता, तारखा आणि प्रवास करणाऱ्या सगळ्यांची नावं असावीत. घोटाळा नावांतच होतो. अपार्टमेंटचं बुकिंग एकाच्या नावावर होतं आणि बाकीचे नुसते “३ पाहुणे” म्हणून दिसतात. बुकिंगमध्ये सगळ्यांची नावं पासपोर्टप्रमाणे घाला आणि मगच कागद छापा.

रात्री कुठे जास्त, यावर अर्ज कुठल्या देशाकडे करायचा तेही ठरतं. स्वित्झर्लंडला पाच आणि फ्रान्सला तीन रात्री असतील तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. मागाहून मुक्काम उलटापालटा केलात तर आधी याचा विचार करा.

व्हिसा हातात पडेपर्यंत फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग ठेवा. हॉटेलांत हा पर्याय सहज मिळतो. अपार्टमेंटमध्ये रद्द करण्याचे नियम होस्टप्रमाणे बदलतात आणि काही फार कडक असतात. व्हिसा नाकारला गेला म्हणून होस्ट पैसे परत देत नाही.

चौघं एका हॉटेलच्या खोलीत राहू शकतो का? मुलं लहान आहेत.

अमेरिकेत बहुधा हो, तिथे दोन मोठे पलंग असलेल्या खोल्या सर्रास असतात. युरोपात आणि जपानमध्ये खोली लहान आणि नियम कडक. बुकिंग करताना मुलांची खरी वयं घाला. “तिथे गेल्यावर बघू, गादी टाकतील” हे आपल्याकडे चालतं. तिथे आगीच्या नियमांमुळे जास्तीचं माणूस घेत नाहीत आणि ऐनवेळी दुसरी खोली चढ्या दराने घ्यायला लावतात.

दोन खोल्या घेतल्यात तर त्या आतून जोडलेल्या आहेत का ते विचारा. आठ वर्षांचं मूल वेगळ्या मजल्यावर झोपवायची पाळी यायला नको.

हॉटेल आणि अपार्टमेंट यांच्या मधलं काही नाही का?

आहे, आणि मला स्वतःला तेच सगळ्यात आवडतं. अपार्टहॉटेल किंवा सर्व्हिस्ड अपार्टमेंट. खोलीत छोटं किचन आणि फ्रिज, खाली रिसेप्शन, बॅगा ठेवायची सोय, आणि परवान्याची चिंता नाही. युरोपात सिटाडीन्स आणि अडाजिओ, जपानमध्ये मिमारू ही त्यातली माहितीची नावं. मिमारूच्या खोल्या चार-सहा जणांच्या कुटुंबासाठीच बांधलेल्या आहेत. साध्या हॉटेलपेक्षा थोडं महाग पडतं, पण दोन खोल्यांऐवजी एकात भागतं. आई-बाबा आणि मुलं दोन्ही बरोबर असतील, तर मी शोधाची सुरुवात इथूनच करते.

मुलीचं बाळंतपण आहे, न्यू जर्सीला चाललोय. तिचं घर एक बेडरूमचं. विहीणबाईही येणार आहेत. काय करू?

सगळ्यांनी एका बेडरूममध्ये राहायचा हट्ट करू नका. बाळंतिणीला झोप हवी असते आणि तुम्हालाही. जवळपास “एक्स्टेंडेड स्टे” प्रकारचं हॉटेल बघा. पूर्ण किचन असतं, कपडे धुवायची सोय असते आणि आठवड्याच्या मुक्कामाला दर उतरतो. न्यूयॉर्क शहराचा नियम नदीपलीकडे लागू नाही, पण जर्सी सिटीने २०१९ मध्ये मतदान घेऊन स्वतःचे नियम केले आहेत, तेव्हा गावागणिक बघावं लागतं. मुलीच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर घ्या, नाहीतर रोज जावयाला गाडी काढावी लागेल. डिंकाचे लाडू कुठेही राहून वळता येतात.

एकटी मुलगी शिकायला किंवा फिरायला जातेय. तिच्यासाठी?

पहिल्या काही रात्री हॉटेल, तेही चोवीस तास रिसेप्शन असलेलं. नंतर तिला शहर कळलं की ती ठरवेल. अपार्टमेंट घेतलंच तर अख्खं घर घ्या, आणि रिव्ह्यूंमध्ये एकट्या राहिलेल्या बायकांनी काय लिहिलंय ते आधी वाचा.

फोटो खरे आहेत का, हे कसं कळावं?

जाहिरातीच्या फोटोंपेक्षा पाहुण्यांनी लिहिलेलं वाचा, आणि तेही सगळ्यात नवं आधी. “छान होतं, होस्ट प्रेमळ” याला फारसा अर्थ नाही. “खाली बार आहे”, “गरम पाणी दोघांपुरतंच पुरतं”, “सोफा-बेडवर मोठं माणूस मावत नाही” असली वाक्यं शोधा. सहा जणांची जागा असं लिहिलेलं असतं आणि त्यातले दोघं बैठकीतल्या सोफ्यावर असतात, हे नेहमीचंच. पलंग किती आणि कुठल्या खोलीत, ते मोजा. मग नकाशात स्टेशनपासूनचा रस्ता उघडून तो चढाचा आहे का ते बघा.

होस्ट म्हणतो, संकेतस्थळाबाहेर थेट पैसे पाठवा, दहा टक्के कमी करतो.

नाही. कधीच नाही. पैसे बाहेर गेले की तक्रार करायला दार राहत नाही. हॉटेलच्या नावाने “कार्ड पडताळणी करा, नाहीतर बुकिंग रद्द होईल” असा संदेश लिंकसकट आला, तरी लिंक उघडू नका. ॲपमध्ये स्वतः जाऊन बघा किंवा हॉटेलला फोन करा.

घरात कॅमेरे लावलेले असतात म्हणतात?

एअरबीएनबी या घरं भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळाने एप्रिल २०२४ च्या अखेरीपासून घराच्या आत कॅमेरा ठेवायला पूर्ण बंदी घातली आहे, बंद असलेलाही चालत नाही. दाराबाहेर असेल तर तो जाहिरातीत सांगावा लागतो. आत काही संशयास्पद दिसलं तर फोटो काढा, बाहेर पडा आणि कंपनीला कळवा.

पोचल्यावर घर खराब निघालं किंवा होस्टने आयत्या वेळी बुकिंग रद्द केलं तर?

हॉटेलची खोली खराब निघाली तर दुसरी मिळते. अपार्टमेंटला दुसरी खोलीच नसते, आणि त्याची मोठी उणीव हीच आहे. दारातून आत गेल्याबरोबर, बॅगा उघडण्याआधी, मोबाईलवर सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा. हीटर, गरम पाणी, कुलूप, फ्रिज तपासा. काही बिघडलेलं असेल तर होस्टला ॲपमधूनच लिहा, फोनवर बोलून सोडू नका. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं. दोन दिवस “असू दे” म्हणत काढले आणि निघताना तक्रार केली, तर हाती काही लागत नाही.

ऐनवेळी रद्द होण्याची भीती सुट्टीच्या गर्दीत जास्त. म्हणून मे महिन्यात किंवा दिवाळीत जाणार असाल तर भरपूर आणि जुने रिव्ह्यू असलेलीच जागा घ्या, आणि त्याच भागातल्या दोन हॉटेलांची नावं वहीत लिहून ठेवा.

कपडे धुवायचं मशीन असतं का?

युरोपच्या फ्लॅटमध्ये बहुधा असतं. एक चक्र दोन-तीन तास चालतं, ड्रायर असेलच असं नाही. हॉटेलची लॉन्ड्री नगावर पैसे घेते, तिच्यापेक्षा गल्लीतलं नाणी टाकायचं लॉन्ड्रोमॅट बरं.

अपार्टमेंटमध्ये राहताना शेजारपाजाऱ्यांचे काही नियम असतात का?

असतात, आणि ते पाळायचेच. समजा आपल्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये दर चार दिवसांनी नवी माणसं येतात, रात्री बाराला बॅगांची चाकं जिन्यात खडखडवतात आणि ओला-सुका कचरा एकत्र टाकून जातात. पुढच्या सभेत काय होईल ते सांगायला नको. जर्मनीत, स्वित्झर्लंडमध्ये रात्री दहानंतर शांतता म्हणजे शांतता, आणि रविवारी दिवसभरसुद्धा. झुरिचमध्ये कचऱ्याची पिशवी ठरावीकच आणि विकत घ्यावी लागते. जपानमध्ये कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते ठरलेलं असतं. होस्टने दिलेला कागद पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवा, मुलांनाही. जागा घेताना तिथे जेवढ्या माणसांचं बुकिंग केलंय तेवढीच झोपवा. तिथे राहणाऱ्या भाच्याला “एक रात्र ये की” म्हणायचं असेल तर आधी होस्टला विचारा.

बुकिंग किती आधी करावं?

तिकीट निघालं की त्याच आठवड्यात. मेमधल्या स्वित्झर्लंडसाठी जानेवारी, आणि जपानमध्ये मार्च-एप्रिलच्या साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या बहरासाठी, त्याच्या आधीचा ऑक्टोबर. स्वित्झर्लंडच्या लाउटरब्रुनेन, वेंगन अशा छोट्या गावांत घरंच मोजकी असतात आणि चौघांची आधी जातात. रद्द करता येणारं हॉटेल आजच धरून ठेवा, मग सावकाश फ्लॅट शोधा. मनासारखा मिळाला तर मुदतीच्या आत हॉटेल सोडा. ती मुदत तिथल्या घड्याळाप्रमाणे असते, म्हणून मोबाईलमध्ये गजर दोन दिवस अलीकडचा लावा.